दहाव्याची तारीख

म्हणणे: माझ्या घरावर खेळाचे मैदान दाखवले आहे. मी त्यात राहतो.
अभिप्राय: जागेची पाहणी करावी.

म्हणणे: नवा रस्ता माझ्या आंब्याच्या कलमांतून नेला आहे, शेजाऱ्याच्या कलमांतून नेलेला नाही. शेजारी माझा भाऊ आहे.
अभिप्राय: आखणी तांत्रिक कारणाने. बदल नाही.

म्हणणे: औद्योगिक पट्टा माझ्या बांधापर्यंत येऊन थांबला आहे. तो पुढे आणावा.
अभिप्राय: विचार करता येईल.

योगिनी गुरव हे सगळं टाइप करत होती. डाव्या रकान्यात लोकांचं म्हणणं, उजव्यात सुनावणी घेणाऱ्या समितीचा अभिप्राय. निवसडे नगरपंचायतीत ती आठ वर्षं रचना सहायक होती आणि निवसड्याचा हा पहिलाच विकास आराखडा. तीन गावं एकत्र करून नगरपंचायत झाली, रत्नागिरीहून गाडीनं वीस मिनिटं, आणि तेव्हापासून सगळे म्हणत होते की आता आराखडा येणार. आला. सभागृहाच्या भिंतीवर तो पंख्याच्या वाऱ्यानं खालच्या कोपऱ्यात फडफडत होता. राहती वस्ती पिवळी, शेती हिरवी, कारखाने जांभळे.

जांभळा सगळा सड्यावर. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. त्यावर पिकत काही नाही, म्हणून तिथं कारखाने यावेत असं कुणालाही कागदावर बघून वाटलं असतं. त्याच जांभळ्याच्या मधोमध वाघजाईचं देऊळ होतं, देवळापुढं शिमग्यात पालखी टेकवायची सहाण होती, आणि सहाणेच्या खाली वरची वाडी. वाडीतलं पहिलं घर योगिनीचं.

घर पाडायला उद्या कुणी येणार नव्हतं. पण आराखडा पक्का झाला की तिथं नवं घर बांधता येणार नव्हतं, पडवी वाढवता येणार नव्हती, आणि कारखान्यांचा मोठा रस्ता निघेल तेव्हा घर, विहीर, सहाण सगळं त्या रस्त्यात जाणार होतं. हे वाडीला माहीत होतं. योगिनीनंच नकाशा नेऊन दाखवला होता. बाबल्या काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले होते, "ह्यो आपला सडा? करवंद फोडल्यावानी दिसतोय."

तिला अलीकडे एक खोड लागली होती. कुणी काही बोललं की ते आपोआप डाव्या रकान्यात पडायचं. उजवा रकाना भरायला वेळ लागायचा. कधी भरायचाच नाही.

आज सकाळी घरी आईशी:

म्हणणे: भाकरी खाऊन जा गो.
अभिप्राय: खाल्ली.
म्हणणे: खाल्लीस ती माझ्या ताटातली. तुझी चुलीकडं झाकलीय.
अभिप्राय:

ज्या सकाळी आत्माराम

हे वाक्य तिच्या डोक्यात इथपर्यंत यायचं आणि थांबायचं. ते तसंच राहू दे.

आत्माराम म्हणजे तिचे वडील, वाघजाईचे गुरव. वाडीत कुणी विहीर खणायची, मुलगी द्यायची, मुंबईची खोली विकायची, तरी आधी देवीला विचारायचं. आणि विचारायचं ते आत्मारामच्या हातून. ओल्या फुलांच्या कळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि बघत बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ह्याला कौल म्हणतात. आत्माराम कौल लावायला बसले की वाडीतली कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत असं बाबल्या काका सांगायचे. आत्माराम म्हणायचे, "भुंकतात. बाबल्याला ऐकू येत नाय."

आराखडा प्रसिद्ध झाला आणि हरकती द्यायला एक महिना मिळाला. वाडीनं ठरवलं, हरकत वाघजाईच्या नावानं द्यायची, सगळ्यांच्या सह्यांनी. पण देवीच्या नावानं द्यायची तर देवीला विचारूनच. ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आठ वर्षं लोकांना "एका ओळीत लिहून दिलंत तरी चालतं, कुणीही देऊ शकतं" असं समजावणाऱ्या योगिनीलाही वाटलं नाही.

कौलाचा वार ठरला आणि आत्मारामना दम लागला. रत्नागिरीला रुग्णालयात ठेवलं.

तिथं दुसऱ्या दिवशी ते उशीला टेकून बसले होते. नाकाला नळी. योगिनी म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे होईपर्यंत मी नुसता एक साधा अर्ज देऊन ठेवू काय? माझ्या नावानं नको, आईच्या नावानं."

"कौलाआधी?"

"मुदत आहे ना त्याला."

"मी उठलो की लावतो." मग नळी जरा बाजूला करून: "काय गो, मी उठत नाय असं डॉक्टरांनी सांगितलान काय?"

"नाही हो."

"मग?"

अर्ज देणं म्हणजे त्यांना सांगणं की तुम्ही उठणार नाही. तिनं संत्रं सोललं. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या आणि बाकीच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाला द्यायला लावल्या.

ज्या सकाळी आत्माराम

सुतक. गुरवांची सगळी भावकी सुतकात. देवीला शिवायला घरचं कुणी नाही. शेजारच्या गावचा गुरव येऊन दिवा लावून जायचा, पण कौलाला तो हात लावणार नव्हता, ती त्याची पाळी नव्हे. बाबल्या काका मानकरी, त्यांचं घराणं वेगळं, त्यांना सुतक नव्हतं. ते सही करू शकत होते. पण देवीचं तोंड गुरवाच्या हातात, आणि गुरव गेलेला. सगळे थांबले. कुणाला धाकधूक वाटली तर दुसरा म्हणायचा, "सुतक होतं म्हटल्यावर सरकार काय आडवं येतंय? लग्नाचे मुहूर्त पुढं जातात. कोर्टसुद्धा तारीख देतं." आणि तिसरा म्हणायचा, "आपली योगी हाय ना हाफिसात."

योगिनीचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा तिला सुतक पुरं लागलं. ती ओटीवरच्या खांबाशी बसून असायची. लोक येत, बसत, उठत. तिला हाफिस आठवायचं ते असं: टेबल, खुर्ची, पंखा. तारीख आठवायची नाही. आठवली तरी नुसती तारीख म्हणून, एखाद्या गावाचं नाव आठवावं तशी.

मुदतीचा शेवटचा दिवस होता तोच दहावा.

त्या दिवशी सगळे नदीवर. योगिनीही गेली, एकुलती एक, कुणी अडवलं नाही. आत्मारामांच्या पुतण्यानं, ऋत्विकनं, पिंड ठेवले. कावळे समोरच्या आंब्यावर बसून राहिले. ऊन चढलं. दर्भ वाळला. ऋत्विक म्हणाला, "काका, काकीला मी बघेन." कावळे हलले नाहीत. "योगीताईचं लग्न करून देऊ." एकानं मान वळवली, पण दुसऱ्या बाजूला. कुणीतरी हसू दाबलं. "तंबाखूची डबी दाखवा त्यांना," मागून कुणी म्हणालं. डबीही ठेवून झाली.

मग बाबल्या काका पुढं झाले. जन्मभर बोटीवर काढलेला माणूस, वाळूतसुद्धा पाय फाकवून उभा राहतो. हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आत्माराम, ऐक. तुझा कौल राहिलाय. सुतक फिटलं की ऋत्विकच्या हातून लावून घेतो. देवीला विचारल्याबिगर कागदाला बोट लावणार नाय. बाबल्याचा शब्द."

कावळा उतरला. पिंडाला शिवला.

सगळ्यांनी श्वास सोडला. योगिनीनंही सोडला. नदीवरून घरी यायला दुपार झाली. संध्याकाळी हाफिसच्या आवक खिडकीचं शटर खाली आलं असणार. त्या वेळी ती अंघोळ करून केस पुसत होती.

म्हणणे:
अभिप्राय:

(ह्या दिवसाचे दोन्ही रकाने कोरे आहेत.)

ऋत्विकला देवीच्या पायावर घालायला पुढं महिना गेला. रीत आहे ती, नव्या हाताला देवीनं घ्यावं लागतं. काल संध्याकाळी त्यानं पहिला कौल लावला. कंपनीत पाळीवर जाणारा मुलगा, त्याच्या हातून एक कळी चिकटेचना. "आई वाघजाई, सड्यावर कारखाना नको अशी हरकत घालायची तर उजवी दे, नाय तर…" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी उजवी कळी पडली.

"आई थांबलीच होती गो!" एक बाई म्हणाली. तिला रडू आलं.

योगिनीनं तेव्हा सांगितलं की मुदत संपली. स्पष्ट सांगितलं. तिचा स्वतःचा आवाज तिला रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखा वाटला. लोकांनी ऐकलं, माना हलवल्या आणि उद्या किती वाजता निघायचं ते ठरवलं.

आता आज.

सुनावणीची मधली सुट्टी झाली आणि ती खाली आली तर आवक खिडकीपुढं वाडी उभी. सहा-सात माणसं, पुढं बाबल्या काका, भिंतीकडच्या बाकावर तिची आई, जनी. आई नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच वाडीच्या खाली उतरली होती. हातात पिशवी. पिशवीत सकाळची झाकलेली भाकरी असणार, हे योगिनीला न बघता कळलं.

खिडकीत निलेश. देवरूखचा, हसरा, आवक-जावक त्याच्याकडं.

"काका, अर्ज झकास आहे," तो म्हणत होता. "सह्या आहेत, अंगठे आहेत, देवीचं नाव आहे. फक्त तारीख नाही."

"तारीख तू घाल. तुझाच शिक्का."

"मी आजची घातली तर हा कागद फायलीत जाऊन झोपेल." त्यानं योगिनीकडं पाहिलं, मग आवाज उतरवला. "ताई, एक सांगू? आमच्याकडंपण असंच असतं, गुरव गेला की गाव ठप्प. मुदतीच्या शेवटच्या दिवशीच्या आवक-वहीत मी दोन ओळी सोडलेल्या आहेत, अशा सोडाव्याच लागतात. शिक्का मागं फिरवतो. तुम्ही वर यादीत एक ओळ वाढवा. कोण विचारतंय?"

त्यानं तारखेचा शिक्का उचलला. लाकडी मूठ, खाली रबरी आकड्यांची चाकं, नखानं फिरवायची. जांभळी शाई त्याच्या नखात बसलेली होती.

योगिनीनं शिक्क्याकडं पाहिलं. ही गुन्ह्याची गोष्ट आहे, नोकरी जाईल, असं तिच्या मनात यायला हवं होतं. आलं नाही. घर वाचेल असंही आलं नाही. यादीत ओळ वाढवली की खालचे सगळे क्रमांक बदलावे लागतील, एवढंच आलं.

"फिरव," ती म्हणाली.

निलेशनं चाकं फिरवली. महिना मागं गेला. दिवस मागं गेले. त्यानं शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि उचलला.

"थांब थांब," बाबल्या काका म्हणाले. "कुठली तारीख लावलीस?"

निलेशनं सांगितली.

बाबल्या काकांनी खिडकीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तो आत्मारामचा दहावा."

"असेल काका. शेवटची तारीख तीच आहे, त्याच्या पुढची चालत नाही."

"तर मग मागची लाव."

"मागचीपण सुतकातच येणार ना हो. त्याच्याही मागं जावं तर ते दवाखान्यात. तुम्हीच बघा."

"बोटीवर होतो तेव्हा," बाबल्या काका म्हणाले, "कस्टमवाल्यांना काय काय खोटं सांगितलंय म्हणून सांगू. साबणाच्या खोक्यात घड्याळं आणलीत. मला खोट्याचं काय नाय. पण त्या दिवशी मी नदीवर उभा राहून त्याला सांगितलंय, कौल राहिलाय, मागाहून लावतो. त्यावर कावळा शिवला. आता ह्या कागदावर लिहिलंय, देवीचा कौल घेऊन अर्ज करतो. वर तारीख दहाव्याची. म्हणजे त्या दिवशी कौल झालेला होता. मग मी नदीवर कुणाशी बोललो? आणि तो शिवला कशाला?"

"काका, हे कागदाचं आहे," निलेश म्हणाला. "कावळ्याला कुठं वाचता येतंय."

एक-दोघं हसले. बाबल्या काकाही हसले. पण खिडकीवरचा हात त्यांनी काढला नाही.

"आणि सुतकात देऊळ उघडून कौल लावला असं होईल ते," मागून कुणी म्हणालं. "आत्मारामचं सुतकच धरलं नाय वाडीनं."

"घर कुणाचं जातंय ते बघा आधी," दुसरा म्हणाला.

मग सगळे जनीकडं वळले. घर तिचं होतं. रस्ता तिच्या चुलीवरून जाणार होता.

जनी बाकावरून उठली नाही. पिशवी मांडीवर सरळ केली. "त्या दिवशी हे सगळे नदीवर होते," ती निलेशला म्हणाली. "मी घरात होते. हाफिसात कुणीच नव्हतं रे बाळा. आजचीच मार."

"काकी, आजची मारली तर उपयोग नाही."

"नसू दे. मार."

निलेशनं योगिनीकडं पाहिलं. योगिनी आईकडं बघत होती. निलेशनं चाकं पुन्हा पुढं आणली. नखानं, एकेक. शिक्का बसला तेव्हा आवाज फार झाला नाही.

"भाकरी आणलीय गो," आई म्हणाली. "खाऊन मग वर जा."

योगिनीनं बाकावर बसून भाकरी खाल्ली. बरोबर सुक्या जवळ्याची चटणी होती. चव लागली नाही, मग शेवटच्या घासाला तिखट लागलं.

दुपारच्या सुनावणीत सगळ्यात शेवटी वाडी. समितीवर पुण्याहून आलेले एक निवृत्त नगररचनाकार होते, सगळे त्यांना साहेब म्हणत. चांगला माणूस, सकाळपासून प्रत्येकाला बसा म्हणत होते. त्यांनी अर्ज वाचला, शिक्का पाहिला, चष्मा काढला.

"हा मुदतीनंतर आलाय."

"व्हय," बाबल्या काका म्हणाले.

"बराच नंतर. विचारात घेता येणार नाही, काका. कायद्यानं माझे हात बांधलेत. पण उशीर का झाला?"

"सुतक होतं."

"कुणाचं?"

बाबल्या काकांनी हात केला नाही, मानही हलवली नाही. फक्त योगिनीच्या बाजूला बघितलं. "ह्यांच्या वडलांचं. आमचा गुरव. त्याच्याबिगर देवीला विचारता येत नाय."

साहेब वळले. "गुरव मॅडम? तुम्ही तर इथंच होता. तुम्हाला मुदत माहीत होती. तुम्ही तरी…"

पंखा चालू होता. भिंतीवरच्या नकाशाचा कोपरा उठला आणि बसला.

ज्या सकाळी आत्माराम गेले त्या सकाळी योगिनी त्यांच्या खाटेजवळ स्टुलावर बसली होती. तिच्या बॅगेत पेन होतं, कोरा कागद होता, आईचं आधार कार्ड होतं. सगळं तिनं आदल्या दिवशी घालून ठेवलं होतं, त्यांना न सांगता. नऊच्या सुमारास खाली जाऊन कार्डाची झेरॉक्स काढून येईन असं तिनं ठरवलं होतं. आठला त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "आज वार काय?" तिनं सांगितला. ते म्हणाले, "मग कौलाला चार दिवस हायत अजून," आणि तिचा हात धरून ठेवला. नऊ वाजले तरी त्यांनी हात सोडलेला नव्हता. नर्सनं येऊन तो सोडवला.

बस, एवढंच ते वाक्य होतं.

"होते, साहेब," योगिनी म्हणाली.

साहेबांनी चष्मा पुसला. "लिहून टाका," ते हळू म्हणाले. "हरकत मुदतीत प्राप्त नाही, एवढं."

तिनं नवी ओळ घेतली. वाडीचं नाव घातलं, देवीचं घातलं. कर्सर डाव्या रकान्यात लुकलुकत राहिला. मागं बाबल्या काका उभे होते, आई उभी होती, ऋत्विक पाळी चुकवून आला होता. अर्जात दीड पान मजकूर होता: सहाण, पालखीची वाट, विहीर, गुरं सोडायची जागा. तो सगळा त्या रकान्यात मावला असता. पण मुदतीबाहेरच्या अर्जातलं काही लिहायचं नसतं. हा नियम तिनंच समितीला वाचून दाखवला होता.

तिनं टाइप केलं. साहेबांनी पडद्याकडं वाकून वाचलं. काहीतरी सुधारावं म्हणून त्यांचं बोट वर आलं, मग खाली गेलं. छापून आलेल्या कागदावर त्यांनी सही केली.

म्हणणे: सुतक होते.
अभिप्राय: होते. बदल नाही.